मोडेम उघडला की माउस मरतो. दोघांचा आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची तार) ४ आहे म्हणून?

जुनाखोका:
बऱ्याच वर्षांनी ४८६ मशीन (जुना पीसी) चालू केलंय. डॉस ६.२२, सिरियल माउस कॉम १ या सिरियल पोर्टवर, आतलं मोडेम कार्ड कॉम ३ वर. माउस तासन्‌तास छान चालतो. मोडेम वापरणारा टर्मिनल प्रोग्रॅम उघडला रे उघडला की बाण जागीच थिजतो. प्रोग्रॅम बंद केला तरी उठत नाही, रीसेटच मारावा लागतो. दोघांचा आयआरक्यू ४ आहे हे कळलं. पण पोर्टचे पत्ते तर वेगळे आहेत ना? आणि पुढच्या पीसीआय (कार्डं जोडायची नंतरची पद्धत) मशीनमध्ये एकाच नंबरवर तीन-तीन कार्डं सुखाने नांदायची, मग या दोघांनाच काय धाड भरली?

सोल्डरवाला:
पत्ता म्हणजे प्रोसेसरने कार्डाचं दार ठोठवायचं ठिकाण. आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक. दारं दोन आहेत, पण हाकेची तार एकच.

माउसकडून बाइट आला की पोर्ट सांभाळणारी यूएआर्ट चिप ती तार खालून वर नेते. हाका गोळा करणारी ८२५९ चिप ते टिपते आणि प्रोसेसरला खुणावते. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, ८२५९ कडून नंबर घेतो आणि परतीचा पत्ता स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीत) ठेवतो. आयआरक्यू ४ चा नंबर १२. मेमरीच्या अगदी सुरुवातीला चार-चार बाइटचे २५६ कप्पे असतात, त्यातल्या १२ नंबरच्या कप्प्यात जो पत्ता असेल तिथे उडी. माउस ड्रायव्हरने तिथे आपला पत्ता लिहिला होता, टर्मिनलने येऊन त्यावर स्वतःचा लिहिला. आता माउसने हाक मारली तरी ओ देणार टर्मिनल. तो मोडेम तपासतो, काही सापडत नाही, परत जातो. माउसचा बाइट तसाच पडून.

खरी गोम इथेच आहे. आयएसए बसवर (तुमच्या ४८६ मधली कार्डं जोडायची जुनी पद्धत) ८२५९ तार वर जाताना बघते, नुसती वर आहे याचं तिला सोयरसुतक नाही. बाइट कोणी वाचला नाही, तार वरच अडकली, की पुन्हा चढ नाही आणि पुन्हा हाक नाही. प्रोग्रॅम बंद केल्यावरही माउस मेलेला राहतो तो बहुधा यामुळेच.

एरवी भांडण होत नाही, कारण सिरियल पोर्टवर आउट२ नावाचा बिट असतो. प्रोग्रॅमने तो चढवल्याशिवाय कार्ड तारेला हातच लावत नाही.

कॉम २ (त्याचाही आयआरक्यू ३) रिकामा असेल तर मोडेमचे जंपर (कार्डावरच्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) कॉम ४, आयआरक्यू ३ वर टाका.

रात्रपाळी:
पीसीआयचं कोडं राहिलं. तिथे तार खाली ओढतात आणि ती खाली असेपर्यंत हाक चालूच धरतात. त्यामुळे सगळे ड्रायव्हर ओळीने 'माझी आहे का?' विचारून आपापलं काम उरकू शकतात. हल्लीच्या एमएसआय या हाकेच्या पद्धतीत तर वेगळी तारही नाही, कार्ड ठरलेल्या पत्त्यावर एक आकडा लिहितं, झालं.

जाता जाता: १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ८२५९ दोन असतात, आणि दुसरी पहिलीच्या २ नंबरवर टांगलेली असते. म्हणजे १६ नव्हे, १५ लाइन हाती येतात.

जुनाखोका:
चाललं! जंपरची टोपी चिमट्यातून निसटून मदरबोर्डखाली गेली, ती काढण्यात अर्धा तास गेला. मोडेम किंचाळतोय आणि बाण मजेत फिरतोय. साउंड कार्ड ५ वर, प्रिंटर ७ वर. त्यांना मी हात लावणार नाही.