चेहरा पोळी खात नाही म्हणे!

गहूवर्ज्य:
काल कोणीतरी ग्लुटेन-फ्री, म्हणजे गहू-जव-राय यांतलं प्रथिन नसलेलं, मॉइश्चरायझर विचारलं, तर खाली एका सद्गृहस्थांचं उत्तर: ‘चेहरा काय पोळी खातो का? सगळी पैसेवाल्यांची थेरं.’ रात्रभर डोक्यातून जाईना. माझ्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेन पोटात गेलं की आतड्याला इजा. सात वर्षांची घोडी, पण अजून माझ्या गालाला तोंड घासत झोपते. ग्लुटेनचा रेणू मोठा, धड कातडीतून आत जात नाही, हे मलाही ठाऊक आहे हो. तोंडातून जातं ना! म्हणून डबीमागची बारीक अक्षरं वाचते. ट्रिटिकम व्हल्गेअर म्हणजे गहू, हॉर्डियम म्हणजे जव, सेकेल म्हणजे राय. ओटवालं क्रीम तर नीट बघूनच, ओटला बऱ्याचदा गहू लागलेला असतो. बाकी निवड चारचौघांसारखीच. माझी त्वचा कोरडी, मला ग्लिसरीन-सेरामाइडचं घट्ट क्रीम. नवऱ्याची तेलकट, त्याला जेल.

खडूची_रेघ:
तो सद्गृहस्थ मीच. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, ‘ग्लुटेन-फ्री’साठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा आहे ती खाण्याच्या पाकिटाला. क्रीमच्या डबीवर तोच शब्द कुठल्या मापाने छापला, ते दाखवा आणि मग मला शिकवा. उद्या पाण्याच्या बाटलीवरही छापतील.

सायसाखर:
डबीच कशाला? साय लावा. आमच्या आजीने आम्हा पाच नातवंडांच्या अंगावर कणकेचा गोळा फिरवून आंघोळी घातल्या. लव गेली, त्वचा अशी की बघत राहावं.

खपली:
कणकेचा गोळा! इथेच तर घोडं पेंड खातंय. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं तोडलेलं प्रथिन होतं. त्याने रोज तोंड धुणाऱ्या २,००० हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. ब्रेड खाल्ला की पापण्या सुजायच्या, अंगावर गांधी, काहींना श्वास घेता येईना. २०११ मध्ये साबण परत मागवला. काय रेघसाहेब, खाल्ली का चेहऱ्याने पोळी?

खडूची_रेघ:
ती ॲलर्जी, सीलिॲक नव्हे. आणि ते प्रक्रिया केलेलं प्रथिन होतं, आजीची कणीक नव्हे. दोन्हींची खिचडी करू नका.

सायसाखर:
बघा, रेघसुद्धा आजीच्या बाजूने!

खपली:
तुमच्या आजीची पाच, माझ्या आजीची सात. त्यांतला एक मी, अंगभर इसब. फुटलेल्या कातडीवर कणीक घासली की मी किंचाळायचो आणि सगळे म्हणायचे, ‘बाळ कसं खणखणीत रडतंय.’ गुळगुळीत त्वचेच्या नातवंडांचीच गोष्ट तेवढी पुढे सांगतात. फुटलेल्या त्वचेवर खाण्याचे पदार्थ चोळले तर ॲलर्जीची वाट मोकळी होते.

सायसाखर:
माझ्या आजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं काम नाही. ती एकोणनव्वदाव्या वर्षी सुईत दोरा ओवायची.

खपली:
सुई-दोऱ्याचा कणकेशी काय संबंध??

मूळ_विचारणारी:
अहो, प्रश्न माझा होता. सीलिॲक, तेलकट त्वचा, मुरमं.

गहूवर्ज्य:
जेल घे, बिनवासाचं. त्यात नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्व) असेल तर बरंच. खोबरेल तोंडाला नको. ओठांना लावायचं मात्र काटेकोर बघून घे, ते पोटातच जातं.

रात्रपाळी:
माझी मावसबहीण. कोपरांवर, गुडघ्यांवर पाणी भरलेले फोड, खाजवून रक्त. तीन वर्षं खरजेची मलमं. मग कोणीतरी ग्लुटेन-फ्री क्रीम सुचवलं, त्याच्या महागड्या डब्या झाल्या. शेवटी त्वचेचा तुकडा तपासला तेव्हा नाव कळलं, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. सीलिॲकचंच भावंड. गोळ्या सुरू, पोळी बंद. कित्येक महिन्यांनी फोड आटले. डबीवरचा शब्द वाचून ताटाकडे दुर्लक्ष झालं, याचा राग मला अजून आहे.

खडूची_रेघ:
हेच मी दोन दिवस सांगतोय, पण मी सांगितलं की तो उद्धटपणा.

गहूवर्ज्य:
कारण तुम्ही ‘थेरं’ म्हणालात.

खडूची_रेघ:
बरं, ‘थेरं’ मागे. ओठ आणि हात मान्य. गालाचं मी मानत नाही.

गहूवर्ज्य:
आमच्याकडे रात्री साडेनऊला या. उशीची खोळ दाखवते.

सायसाखर:
आत्ताच आईला फोन केला. गोळा डाळीच्या पिठाचा होता म्हणते. असेल. साय मी लावणारच.