‘पॉवर इव्हॅक्युएशन’ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरकार: सौरप्रकल्पासाठी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्या शेतकऱ्यांना वाटायचे माहितीपत्रक मराठीत करते आहे. प्रकल्पात तयार झालेली वीज रोहित्र, स्विचयार्ड आणि अतिउच्चदाब वाहिनी यांच्यामार्फत उपकेंद्रातल्या ‘बे’पर्यंत (वाहिनी जोडण्याच्या कप्प्यापर्यंत) नेऊन ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्यात, सोडण्याच्या व्यवस्थेला ‘पॉवर इव्हॅक्युएशन’ म्हणतात. हिंदी कागदपत्रांतला ‘निष्कासन’ हा शब्द मी घेऊ धजत नाही, कारण आपल्याकडे निष्कासन होते ते अतिक्रमणाचे, आणि जमीनमालकाने तो शब्द वाचला तर पुढचे पान उलटणारच नाही.

पोफळीकर: कोयनेच्या वीजगृहात आम्ही ‘मशीन ग्रिडवर घेतले’, ‘सिंक झाले’ (जनित्र ग्रिडच्या तालात आले), ‘लोड उचलला’ एवढेच म्हणत असू. विजेचा दाब, वारंवारता आणि फेजचा क्रम ग्रिडशी जुळला, सिंक्रोस्कोपचा (हा ताल दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत बाराच्या जवळ आला, की ब्रेकर ‘मारायचा’, म्हणजे जोडणारा स्विच बंद करून मशीन ग्रिडला जोडायचे. तुमच्या पत्रकात सरळ ‘वीज ग्रिडपर्यंत नेण्याची व्यवस्था’ असे लिहावे.

व्याकरणप्रेमी: ‘ग्रिड’ तरी कशाला? ‘विद्युतजाल’ आहेच. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ‘पारेषण’ (ट्रान्समिशन) हा शब्दही मला संशयास्पद वाटतो. ‘पार’ आणि ‘एषण’ यांचा संधी ‘पारैषण’ असा व्हायला हवा. ‘प्रेषण’मध्ये ‘प्र’ हा उपसर्ग असल्यामुळे तिथला नियम निराळा आहे.

वाहिनीवाला: 2005 साली वीज मंडळाचे विभाजन झाले, महापारेषण कंपनी उभी राहिली आणि हा शब्द पगारपत्रकापासून मनोऱ्यांवरच्या पाट्यांपर्यंत पोहोचला. आता त्याला पाणिनीकडे हजेरी लावायला सांगणे म्हणजे नुसता छळ आहे. ‘विद्युतजाल’ हा शब्द मात्र मी एकाही उपकेंद्रात ऐकलेला नाही.

पोफळीकर: मुद्दा निराळा आहे. ‘जोडणे’ आणि ‘सिंक करणे’ यांची गल्लत होऊ नये. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिड पूर्वीपासून जोडलेली होती, परंतु तिथे एसी (प्रत्यावर्ती) विजेची डीसी (एकदिश) करून पुन्हा एसी केली जात असल्यामुळे वीज पलीकडे जाई आणि दोन्हीकडची वारंवारता तरीही स्वतंत्र राही. दक्षिण ग्रिड उर्वरित देशाबरोबर खऱ्या अर्थाने एका तालात आली ती 31 डिसेंबर 2013 रोजी, रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाल्यावर. त्यासाठी ‘समकालन’ हा शब्द मला चालेल.

वाहिनीवाला: सौरप्रकल्पात तो काटा कोण बघतो? इन्व्हर्टर (सौरपट्ट्यांची डीसी वीज एसी करणारे यंत्र) ग्रिडचा दाब आणि वारंवारता स्वतःच ओळखून त्याप्रमाणे जुळवून घेतो. म्हणून ‘जुळणी’ म्हणावे.

व्याकरणप्रेमी: जुळणी छापखान्यात होते, खिळ्यांची. आणि ‘पारैषण’बद्दलच्या माझ्या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

भाषांतरकार: पत्रक उद्या छपाईला जायचे आहे. तूर्त ‘वीज ग्रिडपर्यंत नेण्याची व्यवस्था’ असे लिहिले आहे. मात्र तक्त्याच्या मथळ्यात ते मावत नाही.

वाहिनीवाला: मथळ्यात ‘वीजवहन’ घाला.

व्याकरणप्रेमी: वहन वाहिनीत होते, रोहित्रात नव्हे.