डोकं फिरायची वेळ येते तेव्हा तुम्ही काय करता?

'मन शांत ठेवा' सांगणारे पुष्कळ भेटतात. म्हणून इथे सल्ले नकोत, अनुभव लिहा. धावपळीत, भांडणानंतर, वाईट बातमी कळल्यावर तुम्ही भानावर कसे येता? फसलेले उपायही चालतील.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा पारा पटकन चढतो. रागात लिहिलेलं उत्तर मी तसंच ठेवून देते आणि सकाळी वाचते. बहुतेकदा ते पाठवावंसं वाटत नाही. कधीकधी मात्र जसंच्या तसं पाठवते, कारण राग रास्तच असतो!

*

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. तिथे डोळे मिटून बसायला फुरसत कुठली? हात धुताना श्वास सावकाश सोडते, घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाऊन त्याला संथ करणाऱ्या नसेचा, प्रभाव वाढतो आणि हृदयाचे ठोके जरा मंदावतात. तरुण रुग्णांच्या मॉनिटरवर श्वासागणिक होणारा हा चढउतार दिसतो, त्यामुळे मला ते पटलं. एरवी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आले की माझे ताठलेले खांदे आपोआप सैल पडतात. घरी गेल्यावर कपडे बदलेपर्यंत मला कुणी काही विचारायचं नाही, हा दुसरा नियम. मुलं पाळतात, नवरा शिकतोय.

*

माझं उलटं आहे. श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते. समुपदेशक म्हणाल्या, पॅनिक अटॅक येणाऱ्या काहींचं असं होतं. त्यांनी ५-४-३-२-१ शिकवलं: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, दोन वास, एक चव. चवीपर्यंत मी क्वचितच पोचतो. खुर्चीचा हात, शर्टाचं बटण, खिशातली किल्ली, इथवर आलो की भागतं.

*

रात्री फोन दुसऱ्या खोलीत. बस, एवढंच.

*

जुनी कंबरदुखी. माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचा, आठ आठवड्यांचा वर्ग केला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत हा अभ्यासक्रम सुरू केला, तोही जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी, हे तिथेच कळलं. कंबर अजून दुखते. पण 'आता जन्मभर असंच' हे डोक्यातलं दळण कमी झालंय.

*

आईला स्मृतिभ्रंश आहे. ध्यान केलं, रोज वहीत लिहिलं. लिहून तर तेच ते जास्त उगाळलं जायचं. शेवटी फरक पडला तो बहीण आठवड्यातून एक दुपार आईजवळ बसायला लागल्यावर. मला मन आवरायची युक्ती नको होती हो, झोप हवी होती.

*

ताई, बहिणीला कसं विचारलंत? माझ्या घरी सगळे नुसतं 'सांग हं काही लागलं तर' म्हणतात.

*

माझ्याकडेही तेच होतं. मग थेट म्हटलं, 'बुधवारी दोन ते सहा तू ये, मी झोपणार आहे.' तिने फक्त एवढंच विचारलं, औषधं कुठे ठेवली आहेत.