तुर्किक समाजांतील विवाहरीती आणि स्त्रीचा शब्द

प्रश्न (फोंडा): आपल्या गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पत्नी सहसा सामाईक मालमत्तेत निम्म्याची धनीण ठरते; मग ‘कलिम’ म्हणजे वधूमूल्य देण्याची चाल असलेल्या तुर्किक, म्हणजे तुर्की भाषाकुळातल्या, समाजांत स्त्रीच्या शब्दाला कितपत वजन होते?

उत्तर (माशेल): सरसकट बोलता येणार नाही. मध्य आशियातल्या किरगिझ या तुर्किक लोकांच्या कुर्मानजान दात्काने पहिल्या नवऱ्याकडे नांदायला साफ नकार दिला, 1832मध्ये अलाई या डोंगराळ प्रदेशाचा सरदार अलिमबेक याच्याशी लग्न केले आणि 1862मध्ये त्याचा खून झाल्यावर अलाईचा कारभार स्वतः हाकला.

उत्तर (मडगाव): दादा, हा अपवाद झाला. किरगिझस्तानात मुलगी पळवून लग्न लावणे गुन्हा असूनही ते घडते. वराकडच्या बायका तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधतात आणि तोच होकार धरला जातो.

उत्तर (डिचोली): तुर्कस्तानने 1926मध्येच बहुपत्नीत्व बंद केले, पण लग्नानंतरच्या कमाईत वाट्याचा नियम 2002मध्ये आला.