अनुभव धागा: खग्रास सूर्यग्रहणासाठी तंबूतला मुक्काम (ऑस्ट्रेलिया, २२ जुलै २०२८)

२२ जुलै २०२८, शनिवार. खग्रास पट्टा (जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो ती जमीन) ऑस्ट्रेलियात वायव्येला किम्बर्लीतून शिरतो, देश तिरका कापत जातो आणि सिडनीवरून समुद्रात उतरतो. वाटेत विंडम, कुनुनुर्रा, टेनंट क्रीक, बर्ड्सव्हिल, बर्क, डब्बो. किम्बर्लीत खग्रास अवस्था जास्तीत जास्त ५ मिनिटं १० सेकंद, सिडनीत पावणेचार मिनिटांच्या आसपास. सिडनी सोडली तर हॉटेलं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांचा मुक्काम तंबूत नाहीतर कॅराव्हॅनमध्ये पडणार.

अमेरिकेतली २१ ऑगस्ट २०१७ आणि ८ एप्रिल २०२४ ची ग्रहणं ज्यांनी तंबू ठोकून पाहिली त्यांनी, आणि ऑस्ट्रेलियात नेहमी कॅम्पिंग करणाऱ्यांनी, इथे लिहावं ही विनंती. ग्रहण किती सुंदर असतं त्याबद्दल नंतर भरपूर बोलू. आधी जागा, ढग, थंडी, पाणी, रस्ता, कॅमेरा.

सिडनीहून

जागेबद्दल. मध्यरेषेसाठी जीव काढू नका, पण पट्ट्याच्या काठावरही बसू नका. मध्यरेषेपासून काठापर्यंतचं अंतर १ धरलं, तर अर्ध्या अंतरावर खग्रास काळ जेमतेम १३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे मध्यावर ४ मिनिटं असतील तर तिथे साधारण ३ मिनिटं २८ सेकंद मिळतात. ०.९ अंतरावर मात्र पावणेदोन मिनिटंच उरतात. घसरण शेवटच्या टप्प्यात होते. म्हणून मधल्या निम्म्या पट्ट्यात कुठेही चांगली जागा मिळाली की घ्या, आणि वीस सेकंदांसाठी पाणी-संडासाची सोय सोडू नका.

पट्ट्याबाहेरचे नातेवाईक 'आमच्याकडे ९९ टक्के आहे की' म्हणतील. उरलेला १ टक्का सूर्य प्रभामंडलाच्या (खग्रासमध्ये सूर्याभोवती दिसणाऱ्या फिकट तेजाच्या) साधारण दहा हजार पट तेजस्वी असतो. त्यात ना अंधार पडतो, ना प्रभामंडल दिसतं. त्यांनाही गाडीत घाला.

भारतातून येणाऱ्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट: इथे सूर्य उत्तरेकडून जातो, उत्तरेला तोंड केलं तर उजवीकडून डावीकडे. न्यू साउथ वेल्समध्ये संमीलन (सूर्य पूर्ण झाकला जाण्याचा क्षण) दुपारी दोनच्या सुमारास, सूर्य वायव्येच्या बाजूला, क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर. थंडीतला सूर्य आहे, डोक्यावर नसणार. तंबूच्या वायव्येला निलगिरीची रांग असेल तर सगळं मुसळ केरात. वीस मीटर उंच झाडाची सावली ३० अंशांच्या सूर्याला ३५ मीटर लांब पडते. जागा शक्यतो आदल्या वर्षी जुलैतच, दुपारी दोन वाजता उभं राहून बघा. सूर्य तेव्हा जवळजवळ त्याच ठिकाणी असतो.

ऑस्टिन, टेक्सासहून

२०२४ ला सगळ्या जुन्या नोंदी टेक्सासच्या बाजूने होत्या. एप्रिलमध्ये पट्ट्याचा ईशान्य भाग ढगाळ, दक्षिण भाग त्यातल्या त्यात मोकळा, असा हिशेब. प्रत्यक्षात टेक्सासवर ढग आले आणि व्हरमाँट, मेन लख्ख उघडे राहिले. जुन्या सरासरीवरून बुकिंग करायचं, पण निर्णय त्या आठवड्याच्या अंदाजावर घ्यायचा.

तंबूवाल्यांची अडचण अशी, की सगळा संसार मांडला की हलवत नाही. यावर उपाय म्हणजे दोन थर करा. तंबू, गाद्या, मोठा शिधा मुक्कामावर. गाडीत कायम तयार असा 'पळायचा डबा': चष्मे, दुर्बीण, कॅमेरा, दोन वेळचं खाणं, माणशी चार लिटर पाणी, घोंगड्या, भरलेली टाकी. गुरुवारी संध्याकाळी पहिला अंदाज, शुक्रवारी रात्री दुसरा, शनिवारी सकाळी उपग्रहाचं चित्र. हलायचं असेल तर सकाळी आठच्या आत. अकरा वाजता निघालेला माणूस ढगाच्या मागे धावतो आणि खग्रास त्याला रस्त्यातच गाठतं.

हे करायला पट्ट्याला समांतर रस्ता हवा. नकाशा पाहिला तर डब्बो–निंगन–बर्क हा मिचेल हायवे जवळजवळ पट्टा धरूनच जातो, सुमारे ३७० किलोमीटर. मुक्कामाला याहून सोयीचा रस्ता त्या भागात दिसत नाही. वायव्येकडे जावं तसं आकाश कोरडं होत जातं हेही आहेच.

ढग ओळखायला शिका. जमीन तापून वर आलेले कापसाचे छोटे ढग खंडग्रास वाढेल तसे विरतात, कारण जमीन थंड होते आणि खालून हवा चढणं थांबतं. त्यांना भिऊन पळू नका. उंचावरचा पातळ पडदा मात्र ग्रहणाने हटत नाही. त्यातून हिऱ्याची अंगठी दिसते, प्रभामंडलाचे लांब झोत दिसत नाहीत.

डार्विनहून

किम्बर्ली आणि नॉर्दर्न टेरिटरीत जुलै म्हणजे कोरडा ऋतू, आकाशाची खात्री सगळ्यात जास्त इथे. खर्च आणि अंतरंही सगळ्यात जास्त. डार्विन ते कुनुनुर्रा ८०० किलोमीटरच्या वर. कॅराव्हॅन पार्क या मोसमात एरवीही भरलेले असतात.

संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही. कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायला बऱ्याचदा मनाई असते. तेव्हा अपघात झाला तर विमा हात वर करतो. पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन (एकामागे एक डबे जोडलेले ट्रक) असतात, त्यांना ओलांडताना समोरचा रस्ता किलोमीटरभर मोकळा दिसला पाहिजे. कच्च्या रस्त्यावर दोन स्टेपनी. गिब रिव्हर रोडसारख्या पन्हाळीदार रस्त्याने गाडीतला प्रत्येक नटबोल्ट हलतो, दुर्बिणीचेसुद्धा. दुर्बीण मांडीवर किंवा गादीत गुंडाळून न्या.

नदी-ओढ्यापासून तंबू किमान ५० मीटर दूर, आणि पाणी भरायला रोज त्याच जागी जायचं नाही. मगरी पाळत ठेवतात. भांडी काठावर घासायची नाहीत, खरकटं तिथे टाकायचं नाही.

आणखी एक. टेरिटरीतून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना कुनुनुर्राजवळ तपासणी नाका आहे. फळं, भाज्या, मध काढून घेतात. कांदे-बटाटे-कोथिंबीर डार्विनहून भरून नेलीत तर नाक्यावर टाकून द्यावी लागतील. ताजी भाजी पलीकडे गेल्यावर घ्या.

डब्बोजवळून

इकडे जुलैत दिवसा स्वेटर पुरतो आणि पहाटे तंबूवर दहिवर गोठतं. तापमान शून्याखाली जातं. बहुतेकांचे हाल होतात ते खालून लागणाऱ्या थंडीने. अंगावर दोन पांघरुणं घेतात आणि खाली योगाची चटई. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही, म्हणून खालची गादी महत्त्वाची. आर-व्हॅल्यू (गादी खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा) ४ च्या वरची घ्या. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. दुकानदार लिमिट दाखवतो, आपण कम्फर्ट बघायचा, आणि तो उणे ३ च्या आसपासचा हवा. तंबूची खिडकी पूर्ण बंद करू नका. चौघांच्या श्वासाचं पाणी छताला लागतं, गोठतं, आणि सूर्य वर आला की अंथरुणावर टपकतं.

सकाळी चहाची शेगडी पेटत नाही ही नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: स्वस्त लांबट डब्यात ब्यूटेन असतो, तो शून्याच्या जरा खाली द्रवच राहतो, वायू होत नाही. प्रोपेनचा बाटला घ्या. ब्यूटेनच असेल तर डबा रात्री अंथरुणात ठेवा, त्याला आगीजवळ नेऊन गरम करू नका. गॅस विमानात चालत नाही, इथेच विकत घ्यावा लागतो.

पहाटे दरीत धुकं भरतं. नऊ वाजता समोरचं झाड दिसत नाही म्हणून घाबरून गाडी काढू नका. असलं धुकं बहुधा दुपारपूर्वी उठतं आणि ग्रहण दोनला आहे. उपग्रहाच्या चित्रात वरचा ढग नाही एवढं पाहा.

शेतात मुक्काम करायचा तर शेतकऱ्याची लेखी परवानगी, गाड्या किती, शेकोटी चालेल का, संडास कुठे, हे सगळं आधी. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर बंद. गुरं इकडची तिकडे झाली की पुढच्या लोकांना जागा मिळत नाही. संडासासाठी झाकणाची वीस लिटरची बादली, दुहेरी पिशवी, लाकडाचा भुसा. पन्नास माणसांना एक फिरता संडास दोन दिवस पुरत नाही, हे आयोजकांना आधीच सांगा.

बॉस्टनहून

परतीबद्दल एवढंच. लोक येतात तीन दिवसांत आणि निघतात एका तासात. २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये आय-९३ वर फ्रँकोनिया नॉचपाशी तासन्‌तास गाड्या अडकल्या, कारण हायवे तिथे अरुंद होतो, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका. २०१७ ला वायोमिंगहून डेन्व्हरकडे जाणाऱ्या आय-२५ वर तेच. तुमच्याकडे ब्लू माउंटन्स ओलांडायला ग्रेट वेस्टर्न हायवे आणि बेल्स लाइन ऑफ रोड हे दोनच मुख्य रस्ते. मोक्ष सव्वातीनच्या सुमारास, सूर्यास्त सव्वापाचला, पुढे कांगारूंची वेळ. शनिवारची रात्र तिथेच काढा. बुकिंग करताना रविवार सकाळचा चेक-आउट धरा. मोबाइलचं नेटवर्क त्या दिवशी मान टाकतं, नकाशे आधी उतरवून घ्या, पेट्रोल शुक्रवारीच भरा, खिशात थोडी रोकड ठेवा.

पुण्याहून, कॅमेऱ्याबद्दल

५०० मिलिमीटर लेन्सवर सूर्यबिंब सेन्सरवर साधारण साडेचार मिलिमीटरचं पडतं. प्रभामंडल दोन-तीन बिंबांइतकं बाहेर पसरतं, त्यामुळे याहून मोठी लेन्स फुल फ्रेमवर नको.

तिपाईवर स्थिर कॅमेऱ्यात सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. म्हणून संमीलनाच्या दोन मिनिटं आधी बिंब चौकटीत अशा बाजूला ठेवा की खग्रासच्या मध्याला ते मधोमध येईल. दक्षिण गोलार्धात ते उजवीकडून डावीकडे जातं, आपल्या सवयीच्या उलट.

फोकस सकाळी सूर्यावरच्या डागांवर किंवा बिंबाच्या कडेवर हाताने लावायचा, रिंगवर चिकटपट्टी, ऑटोफोकस बंद, फ्लॅश बंद. दुपारपर्यंत हवा तापते आणि फोकस किंचित हलतो, म्हणून दीडला पुन्हा तपासा. एफ ८, आयएसओ २०० धरून: तेजशृंगांना (बिंबाच्या कडेच्या लालसर ज्वालांना) १/१०००, आतल्या प्रभामंडलाला १/१२५, मधल्याला १/१५, बाहेरच्याला १/४ सेकंद. स्थिर तिपाईवर १/४ पेक्षा लांब नको, रेघ येते. ही मालिका आधीच ब्रॅकेटिंगला (वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो आपोआप ओळीने काढण्याची सोय) लावून केबलने चालू करायची.

फिल्टर काढायला विसरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. काळे फोटो येतात. दुसरी चूक, फिल्टर परत लावायला विसरणं. ती महाग पडते. मोबाइलवर गजर लावा: संमीलनाआधी १५ सेकंद 'काढ', उन्मीलन होताच (सूर्याची कड पुन्हा डोकावताच) 'लाव'. फिल्टर लेन्सच्या पुढे, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून पाहणं हा तर डोळा जाळायचा खात्रीचा मार्ग.

पॉवर बँक हातातल्या सामानात. २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर होते, १०० च्या मर्यादेत बसते. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात, जादाच्या अंगाशी खिशात ठेवा.

पहिलंच खग्रास असेल तर कॅमेरा आपोआप चालू द्या आणि डोळे वर ठेवा. हे मी अगदी मनापासून सांगतो.

मेलबर्नहून, लहान मुलं आणि आजी-आजोबांसह जाणाऱ्यांसाठी

चष्मे आयएसओ १२३१२-२ या सूर्य पाहण्याच्या सुरक्षा-मानकाचे, माणशी एक आणि दोन जास्तीचे. घालून घरातला दिवा दिसत असेल तर टाकून द्या. लहान मुलांच्या नाकावर मोठ्यांचा चष्मा घसरतो. कागदी ताटलीत खाच कापून चष्मा त्यात चिकटवा आणि मुखवट्यासारखा इलॅस्टिकने बांधा. डोळ्यांच्या बाजूंनीही ऊन येत नाही.

दीड तास खंडग्रास बघून मुलं कंटाळतात. बुंदीचा झारा न्या. पांढऱ्या कागदावर त्याची सावली धरली की प्रत्येक भोकाची एक चंद्रकोर होते. झारा कागदापासून हात-दीड हात लांब धरायचा, जवळ नेला तर चंद्रकोरी होत नाहीत, नुसती भोकंच दिसतात. संमीलनाच्या दोन-एक मिनिटं आधी पांढरी चादर जमिनीवर घट्ट ताणून अंथरा, कधीकधी त्यावर छायापट्टे सरकताना दिसतात, पाण्याच्या तळाशी हलणाऱ्या उजेडासारखे.

उजेड कमी होताच हवा पटकन गार होते. बारा वाजता काढलेले स्वेटर पावणेदोनला परत अंगावर हवेत, खग्रासमध्ये शोधायला वेळ नसतो.

खाण्याचं: घरात ग्रहण पाळणारे असतील तर वेध कधीपासून धरायचे ते शुक्रवारीच विचारून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या स्थानिक वेळेने धरायचं, भारतातल्या पंचांगाच्या वेळेने नाही, हेही बोलून घ्या. त्यांचा नाश्ता पहाटे त्या प्रमाणे. मोक्षानंतर आंघोळ करायची म्हणतील तर तीन बादल्या पाणी जास्तीचं धरा आणि ते तापवायला गॅसही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपास धरू नये, आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांना दशम्या, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे. शेगडी न पेटवता दुपार निभते. भारतातून आणलेलं सगळं खाणं विमानतळावर फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्याला जबर दंड आहे. वापरलेला तंबू, खुंट्या आणि बूट मातीचा कण न ठेवता धुऊन आणा, तेही उघडून बघतात.