फार्मसीला प्रवेश घेतला होता, वकिलीला नव्हे!

तिसरा_बाक (धागाकर्ता)

मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय: आरोग्य धोरण आणि व्यवसायाची अ‍ॅडव्होकसी. म्हणजे आपल्या व्यवसायाच्या मागण्या धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडणं. हजेरी सक्तीची. तिच्यापायी फार्माकॉलॉजीची दोन प्रॅक्टिकल्स बुडाली, आणि ती पुन्हा होणार नाहीत हे शिकवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

पहिला दिवस भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने लोकप्रतिनिधीला एकपानी निवेदन लिहायचं होतं. मागणी फळ्यावर लिहून दिलेली: फार्मासिस्टला लस टोचू द्या. तीन कारणं, तीही फळ्यावर. आम्ही फक्त 'माननीय महोदय' आणि 'आपला विश्वासू' यांच्यामधली जागा भरली. साठ मुलं, साठ निवेदनं, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच: 'फार्मासिस्ट हा आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे.' (शेजारच्याने विचारलं, मग नर्स कोण? उत्तर आलं, विषयांतर नको.)

माझं म्हणणं साधं आहे. कोणतं औषध कोणत्या औषधाला नडतं हे मला अजून धड येत नाही. वॉरफरिनवर (रक्त गोठू न देणारं औषध) असलेल्या पेशंटला कोणतं अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं कुणी आत्ता विचारलं तर मी पुस्तक उघडणार. आधी ते शिकवा. कायदे बदलायची ज्यांना हौस आहे त्यांनी ती शिक्षण संपल्यावर भागवावी. तुम्हाला काय वाटतं?

अर्धी_गोळी

शंभर टक्के सहमत. थॅलिडोमाइडचंच घ्या. ही झोपेची गोळी, गर्भारपणात घेतली तर बाळ व्यंग घेऊन जन्मायचं. ती अमेरिकेच्या बाजारात येऊ दिली नाही तिथल्या औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी, आणि त्या काही निवेदनं लिहीत बसल्या नव्हत्या. फार्माकॉलॉजीत पीएचडी, वर एमडी. 1937 मध्ये शिकत असतानाच त्यांनी सल्फानिलामाइड एलिक्झिरच्या तपासात काम केलं होतं. ज्यांना ते प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: औषध विरघळावं म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरलं, चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला, ते विषारी आहे का हे पाहिलंच नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत मुलं बरीच. त्या तपासातून तयार झालेली बाई 1960 मध्ये थॅलिडोमाइडचा अर्ज वाचते आणि म्हणते, एवढा पुरावा पुरेसा नाही. हे विषय येत असल्याचं लक्षण. कार्यशाळेला बसून हे येत नाही.

लेबल_वाचा

केल्सींचं नाव काढलंत ते बरं केलंत, पण नावाला जागून गोळी अर्धीच दिलीत.

उरलेली अर्धी अशी. 1938 च्या अमेरिकी कायद्यात 60 दिवसांची मुदत होती. तेवढ्या दिवसांत औषध प्रशासनाने हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप विक्रीला मोकळं. म्हणजे 'मला शंका आहे' एवढं म्हणून भागणार नव्हतं. केल्सींनी दर वेळी माहिती अपुरी असल्याचं लेखी कळवलं आणि दर वेळी मुदत पहिल्यापासून मोजायला लागली. मध्यंतरी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरचं पत्र आलं, की या गोळीने काहींचे हातपाय बधिर होतात. ते त्यांनी पुढच्या हरकतीत घातलं. मग विचारलं, गर्भावर काय परिणाम होतो ते दाखवा. 1961 च्या शेवटी जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं तेव्हा अमेरिकेतला अर्ज अजून टेबलावरच पडून होता.

मज्जातंतूंचं ज्ञान त्यांना होतंच. पण तेवढंच असतं आणि कलम ठाऊक नसतं, तर 61 व्या दिवशी गोळी बाजारात गेली असती. तेव्हा 'आधी विषय, मग कायदा' ही भांडणाची मांडणीच मला मान्य नाही.

उलटतपासणी

माझा या व्यवसायाशी संबंध दोन प्रकारचा. एक, पेशंट म्हणून. दुसरा, काही वर्षं मी निवेदनं स्वीकारणाऱ्या टेबलामागे बसलो आहे. धागाकर्त्याला आतली गोष्ट सांगतो: साठ सारखी निवेदनं आली की आम्ही वरचं एक वाचायचो, सुतळी बांधायचो आणि गठ्ठ्यावर पेन्सिलीने '60' लिहायचो. तुमची मेहनत त्या आकड्यात जमा झाली असणार.

पण माझा आक्षेप याहून मोठा आहे. 'व्यवसायाची अ‍ॅडव्होकसी' म्हणजे आपल्या पदरात काहीतरी पाडून घेणं, आणि पुढे पेशंटला उभं करणं. दक्षिण कोरियात 2000 साली ठरलं की औषध डॉक्टरने फक्त लिहून द्यायचं आणि फार्मासिस्टने द्यायचं. कागदावर दोघांच्याही तोंडी पेशंटचं हित. प्रत्यक्षात डॉक्टर संपावर गेले, आणि त्यांना शांत करायला सरकारने त्यांची फी वाढवून दिली. ती वाढ शेवटी भरणार कोण? बांगलादेशने 1982 मध्ये औषध धोरण आणलं, निरुपयोगी आणि घातक म्हणून दीड हजारांहून जास्त औषधं काढून टाकायचं ठरवलं. विरोधात कोण? कंपन्या होत्याच, शेजारी डॉक्टरांची संघटनाही होती.

आणि अर्धी_गोळी, 1937 च्या त्या प्रकरणात अध्यक्ष रूझवेल्ट यांना गाजलेलं पत्र लिहिलं ते मुलगी गमावलेल्या एका आईने. कुठल्या व्यावसायिकाने नव्हे. तिला कार्यशाळा लागली नव्हती.

रात्रपाळी

वरचं सगळं वाचलं. मी मोठ्या इतिहासातला माणूस नाही, एका रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. दोन अ‍ॅम्प्यूलांची गोष्ट सांगते.

एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी दोन इंजेक्शनं. एकाच मापाची काच, एकाच निळ्या शाईतली अक्षरं, नावांची सुरुवात सारखी. उजेडाकडे धरून बोटांत फिरवल्याशिवाय कोणतं कोणतं ते कळत नव्हतं, आणि रात्री तीन वाजता कोणी फिरवत बसत नाही. एकदा चुकीचं अ‍ॅम्प्यूल वॉर्डापर्यंत गेलं. नर्सने फोडायच्या आधी पाहिलं म्हणून निभावलं. मी चूक नोंदवण्याचा फॉर्म भरला. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' दुसऱ्यांदा भरला. 'संबंधितांना समज देण्यात आली आहे.' संबंधित म्हणजे मीच!

तिसऱ्यांदा फॉर्म बाजूला ठेवला. दोन्ही अ‍ॅम्प्यूलांचा एकाच चौकटीत फोटो काढला, शेजारी दुसऱ्या उत्पादकाच्या लाल अक्षरांच्या अ‍ॅम्प्यूलचा. खाली चार ओळी: काय झालं, पुन्हा कसं होऊ शकतं, काय बदलायचं, त्यासाठी किती दिवस लागतील. तो कागद खरेदी समितीच्या बैठकीआधी एकेका सदस्याच्या हातात दिला. पुढच्या ऑर्डरला माल बदलला.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दोन फॉर्मांत माझे सात महिने गेले. शिकवलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

उलटतपासणी

रात्रपाळी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण याला अ‍ॅडव्होकसी का म्हणायचं? ही नोकरीतली जबाबदारी तुम्ही नीट पार पाडलीत. यात तुमच्या व्यवसायाला नवा अधिकार मिळाला नाही, पैसा मिळाला नाही. म्हणूनच ते मला पटलं.

रात्रपाळी

नाव काहीही द्या. मला तो शब्द तसाही जिभेवर बसत नाही. 'वकिली' म्हटलं की काळा कोट दिसतो. आम्ही पाठपुरावा म्हणतो.

अर्धी_गोळी

लेबल_वाचा यांचा 60 दिवसांचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. तरीही एक विचारतो. 1938 ला कायदा झाला, मग डायएथिलीन ग्लायकॉल संपलं का? 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याचीच भेसळ असलेल्या ग्लिसरॉलमुळे 14 पेशंट दगावले. 2022 मध्ये गांबियात सिरपमधून पुन्हा तेच, साठहून जास्त मुलं. कायदे होते, धोरणं होती. नव्हतं ते बॅच तपासून पाहणारं कुणी. मला तपासणारी माणसं तयार झालेली हवी आहेत.

लेबल_वाचा

जे. जे. प्रकरणी नेमलेल्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने कशावर बोट ठेवलं ते आठवा. खरेदी कशी झाली, देखरेख कोणी केली नाही, कोणी डोळेझाक केली, यावर. ग्लायकॉल कसं ओळखायचं हे रसायनशास्त्राला तोवर चांगलंच माहीत होतं. चाचणी येत होती, पण ती करायला लावणारी साखळी तुटलेली होती. तपासणारा माणूस तयार करा, जरूर करा. पण 'तपासल्याशिवाय माल आत येणार नाही' हा नियम कोणी लिहायचा आणि मोडला तर कोणाला जाब विचारायचा, हे त्यालाही कळायला नको का?

आणि उलटतपासणी, तुमच्या 'पदरात पाडून घेणं' या मुद्द्याला एक आडवं उदाहरण. अमेरिकेत औषधविम्याचा व्यवहार सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांच्या करारांत अट असायची: विम्यातून घेण्यापेक्षा रोख पैसे दिले तर औषध स्वस्त पडतं, हे फार्मासिस्टने गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं नाही. सांगितलं तर करार मोडल्याचा ठपका. समोरचा माणूस जास्त पैसे मोजतोय हे स्क्रीनवर दिसतंय आणि तोंड बंद. ऑक्टोबर 2018 मध्ये दोन केंद्रीय कायदे करून ही अट रद्द झाली. आता सांगा, ही अट अस्तित्वात आहे हे कुठल्या पेशंटला कळणार होतं? ती ज्याच्या तोंडाला बांधली होती त्यालाच ठाऊक. त्याने बोलायचं नाही तर कोणी?

उलटतपासणी

हे उदाहरण चांगलं आहे. माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण एक चाळणी सुचते: मागणीतून तुमच्या खिशात काय येतं ते निवेदनातच लिहा. तुमचं उदाहरण या चाळणीतून जातं. लसीचं निवेदन जातं का बघा. एका टोचणीमागे फार्मासिस्टला काही मिळणार असेल तर तेही त्याच पानावर हवं, नाहीतर मी पुन्हा सुतळी काढणार.

चष्मा_कुठंय

मी फार्मसी शिकवते, त्यामुळे ही कार्यशाळा कशी झाली असेल ते डोळ्यांसमोर आलं. फळ्यावर मागणी लिहून देणं ही आम्हा शिक्षकांची चूक आहे, विषयाची नाही.

आमच्या वर्गात हाच लसीचा विषय घेतला तेव्हा पहिला तास नुसता क्रियापदांवर गेला. औषध 'देणं', 'लिहून देणं' आणि 'टोचणं', कायद्याच्या लेखी ही तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळ्या माणसाकडे असू शकतो. निम्म्या मुलांना वाटत होतं, आपण मागतोय ते दुसरं. प्रत्यक्षात तिसरं. हे न कळता निवेदन गेलं तर टेबलामागचा माणूस पहिल्या ओळीलाच हसणार.

दुसरा तास: विरोधकाचं पत्र तुम्ही लिहा. डॉक्टरांच्या संघटनेच्या वतीने, मनापासून. एका मुलीने एकच प्रश्न लिहून पान संपवलं: लस टोचल्यावर अ‍ॅनाफायलॅक्सिस (जीवघेणी अॅलर्जी) झाला, तर पहिल्या पाच मिनिटांत अ‍ॅड्रिनलिन कोण देणार, आणि ते त्या खोलीत आहे का? सगळ्यांत जास्त मार्क तिला दिले. मग मुलं शोधायला लागली, की जिथे परवानगी मिळाली तिथे याचं काय केलं. अमेरिकेत 2009 पर्यंत सगळ्या 50 राज्यांत फार्मासिस्टला लस देता येऊ लागली. ब्रिटनमध्ये 2006 पासून जादा प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला स्वतंत्रपणे औषध लिहून देता येतं. या परवानग्या मोकळ्या सुटलेल्या नाहीत, प्रशिक्षण आणि नोंदी यांच्या अटींनी बांधलेल्या आहेत. मुलांना खरी मजा त्या अटी वाचण्यात आली.

आणि हो, त्यासाठी फार्माकॉलॉजीचं प्रॅक्टिकल आम्ही बुडवलं नाही. अ‍ॅड्रिनलिनचा तास आणि हा तास जोडून घेतला.

शेवटी चार मुलांचं मत 'सध्या परवानगी नको' असं झालं. तशीच पत्रं त्यांनी लिहिली, तशीच मी ठेवून घेतली.

तिसरा_बाक (धागाकर्ता)

आमच्याकडे 'नको' लिहायची मुभाच नव्हती. मला नेमका कशाचा राग आला होता ते आत्ता कळलं.

काल रात्री निवेदन पुन्हा लिहायला घेतलं. 'कणा' काढला. पहिलं वाक्य आता असं आहे: 'लसीकरण केंद्र संध्याकाळी पाचला बंद होतं, त्यामुळे दिवसपाळीच्या कामगाराला लस घ्यायची तर एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं.' बरं वाटतंय का?

उलटतपासणी

वाचावंसं वाटतंय, ही पहिली पायरी झाली. आता प्रश्न: कोणतं केंद्र? पाचची वेळ कुणी पाहिली? किती कामगारांना विचारलंत? आणि वेळच अडचण असेल तर केंद्र आठपर्यंत उघडं ठेवा, ही मागणी जास्त सोपी नाही का? तिच्यात फार्मासिस्ट कुठेच येत नाही.

तिसरा_बाक (धागाकर्ता)

वेळ मी गृहीत धरली होती. शनिवारी जाऊन पाटी बघून येतो, आणि रांगेत विचारतोही. आठपर्यंतचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, त्यावर उत्तर सापडलं तर लिहीन, नाही सापडलं तर तीच मागणी करेन.

प्रॅक्टिकल्स मात्र बुडाली ती बुडालीच.

अर्धी_गोळी

प्रॅक्टिकल्सचं मी काही करू शकत नाही, पण वॉरफरिनच्या प्रश्नापुरतं सांगतो: मेट्रोनिडाझोल आणि को-ट्रायमॉक्साझोल ही दोन आधी पाठ करा. दोन्हींनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर जातो. का जातो ते स्वतः शोधा, नाही सापडलं तर व्यनि करा.