गोवा ट्रिप ग्रुप: त्या लहान चॅपलसाठी अर्धा तास हवाच

सी-३०१ दादा: ओल्ड गोव्याला दोन तास ठेवले आहेत. बॉम जिझस, से कॅथेड्रल, मग जेवण. जमते न सगळ्यांना?

ए-२०४ काका: दादा, अर्धा तास वाढव. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चच्या पश्चिमेला सेंट कॅथरिनचं चॅपल, म्हणजे लहानसं प्रार्थनाघर आहे. मोठ्या इमारती पाहून लोक सरळ बसमध्ये बसतात. आम्हीही बसलोच असतो, पण उन्हानं हैराण होऊन ही सावलीला तिकडे वळली.

बी-१०२ काकू: एवढं काय आहे जी तिथं?

ए-२०४ काका: जांभ्याच्या उघड्या भिंती. हात ठेवला की दगडाची भोकं बोटांना लागतात, आपल्या काळ्या दगडासारखा घट्ट नाही तो. १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कनं गोवा एकदा घेतलं आणि काही महिन्यांतच गमावलं. परत आला, २५ नोव्हेंबरला आदिलशाही फौजेला हरवलं. तो दिवस संत कॅथरिनचा, म्हणून तिच्या नावानं तिथंच चॅपल उभारलं. आधी मातीच्या भिंती अन् गवताचं छप्पर. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालनं मोठं बांधलं आणि शिलालेख बसवला: आल्बुकर्क ज्या वेशीतून शहरात शिरला ती इथं होती.

डी-४०३ ताई: काका, त्या वेळी शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली होती. तेही लिहिलंय का?

ए-२०४ काका: नाही ताई. शहर घेतलं एवढंच आहे. म्हणून तर पोरांना त्याच दगडासमोर उभं करून ही बाजू आपण सांगायची. ते नुसतं फोटो काढायचं ठिकाण नाही.

आणि माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. १५३४ मध्ये गोवा बिशपचा स्वतंत्र धर्मप्रांत ठरला, तेव्हा कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, हेच चॅपल! शेजारचं से कॅथेड्रल १५६२ ला सुरू झालं, मुख्य इमारत व्हायला १६१९ उजाडलं. एवढं थोरलं बांधलं, तरी नाव सेंट कॅथरिनचंच ठेवलं. आधी लहान बघा, मग मोठ्यात शिरा, तेव्हा कळते.

सी-३०१ दादा: ठीक आहे काका, क्रम बदलतो. जेवण दोनला.

बी-१०२ काकू: माझ्या गुडघ्यांना जमन का?

ए-२०४ काका: जमते वहिनी, हळूहळू जाऊ. ही असते तुमच्यासोबत.